वीतभर उंबरा

आमच्या घराला सतरा पायऱ्या आहेत. गेल्या आठ महिन्यांत मी त्या रोज किमान दहा वेळा मोजल्या आहेत, त्यामुळे आकड्याबद्दल वाद नको. पहिल्या आठ माणसासाठी बांधल्या आहेत, वळणावरच्या दोन मांजरासाठी आणि उरलेल्या सात कुणासाठी, ते बांधणाऱ्या कंत्राटदारालाच ठाऊक. सुरतेच्या गोडादऱ्यातल्या आमच्या गल्लीत सगळीच रो-हाऊसं अशी. बारा फूट रुंद, चाळीस फूट लांब. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, त्यावर गच्ची. चाळिशीत हे घर घेतलं तेव्हा दोन हातांत दोन बादल्या घेऊन मी हा जिना शीळ घालत चढायचो. आता वर पोचलो की आपण कशासाठी आलो होतो, हे आठवायला पलंगावर बसावं लागतं.

माझं सोडा. खरा प्रश्न पुष्पाबाईंच्या गुडघ्यांचा. पुष्पाबाई म्हणजे आमच्या घरातल्या. डॉक्टरांनी तिच्या गुडघ्यांचा फोटो उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "काकी, जिना बंद." चहातली साखर बंद करावी इतक्या सहज. त्या दिवसापासून ती खाली हॉलमधल्या दिवाणावर झोपते आणि मी वर. दिवाण अडीच फुटी, त्यावर एकच माणूस मावतो, आणि त्यानेही कूस बदलायची तर उठून बदलायची. जमिनीवर झोपायला माझी कंबर परवानगी देत नाही. एकदा हट्टाने झोपलो, तर सकाळी मला उभं करायला आमचा मुलगा योगराज आणि गॅसचा बाटला घेऊन आलेला माणूस असे दोघे लागले. आणि वरचा डबल बेड खाली येऊ शकत नाही, कारण तो कधी वर गेलेलाच नाही. तो वरच जन्मला. सुताराने सागाच्या फळ्या वर नेल्या आणि खोलीतच पलंग ठोकला. जिन्याची रुंदी पावणेतीन फूट आणि पलंगाची पाच. हे गणित मी तिसरीच्या मुलांना घालत असे.

लग्नाला चौतीस वर्षं झाली. ती माहेरी जायची ते दिवस सोडले तर आम्ही कधी वेगवेगळ्या मजल्यांवर राहिलो नव्हतो, कारण बरीच वर्षं आम्हाला दुसरा मजलाच नव्हता. आता सकाळी मी खाली उतरेपर्यंत तिचा चहा झालेला असायचा. मला हे अजिबात आवडत नव्हतं. पण साठी उलटलेल्या, मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तराने मुलासुनेसमोर 'मला बायकोशेजारी झोपायचं आहे' हे कोणत्या शब्दांत सांगायचं? तसा धडा क्रमिक पुस्तकात नव्हता. म्हणून मी एका सकाळी घसा साफ करून जाहीर केलं, "आता आपण घर बदललं पाहिजे. वयाला शोभेल असं."

इथेच चुकलो. मनातलं बोललो असतो तर पुढचं काही घडलं नसतं.

घर बदलायचं ठरलं ही बातमी गल्लीच्या टोकापर्यंत जायला सुरतेत वर्तमानपत्र लागत नाही. दुपारपर्यंत शेजारचे लोटू पाटील ओट्यावर हजर. लोटूभाऊंनी लूमच्या कारखान्यात तीस वर्षं मास्तरकी केली. मी मुलांचा मास्तर, ते मागांचा. त्यामुळे दोन मास्तरांमध्ये खरा मास्तर कोण, हा वाद आमच्यात अजून चालू आहे.

"मास्तर," ते म्हणाले, "घर म्हंजे चप्पल शे. वय वाढनं का माप बदलस. ईस वरीसना पोऱ्याले खोली, तिशीमा गाळा, चाळिशीमा रो-हाऊस, साठीमा लिफ्ट."

"आणि सत्तरीत?"

"तठे मंग एकच माप. साडेतीन हात."

असा शुभारंभ झाला. लोटूभाऊ आपणहून आमचे सल्लागार झाले. त्यांना कुणी नेमलं नव्हतं, त्यामुळे काढताही येईना.

त्या आठवड्यात आम्ही सात स्कीमा पाहिल्या. सुरतेत नव्या बिल्डिंगला स्कीम म्हणतात, आणि आत जाऊन आल्यावर हा शब्द किती योग्य आहे ते कळतं. एकीला रोमन खांब होते. खांब प्रचंड, पण त्यांच्या डोक्यावर छप्पर नव्हतं, आणि दोन खांबांमध्ये वॉचमनने लुंगी वाळत घातली होती. एक राजस्थानी थाटाची होती. तिच्या झरोक्यातून वाकून पाहिलं तर समोर शेजाऱ्यांच्या एसीची पेटी गरम हवा सोडत होती. तिसरी बाली नावाच्या कुठल्याशा बेटावरच्या पद्धतीची होती, म्हणजे दारात शिरताच पाण्यात एक बुद्धमूर्ती बसलेली. पुष्पाबाईने चप्पल काढून तिला नमस्कार केला, तर कारंज्याचं पाणी तिच्या अंगावर उडालं. प्रत्येक ठिकाणी ती फक्त दोनच गोष्टी पाहायची. आधी दाराखाली वाकून काहीतरी शोधायची आणि मग पुरणपोळ्या भाजायच्या मातीच्या खापराबद्दल विचारायची, "आठे खापर कथं मांडसू?" दाखवायला आलेली मुलगी म्हणायची, "आंटी, मॉड्युलर किचन है." पुष्पाबाई म्हणायची, "चला."

चौथ्या स्कीममध्ये माझी अब्रू गेली. तिथे सॅम्पल हाऊस होतं. सॅम्पल हाऊस म्हणजे सजवून ठेवलेलं नमुन्याचं घर. पडदे, फुलदाण्या, टेबलावर प्लास्टिकचं डाळिंब. बेडरूम तर केवढी मोठी वाटली! मधोमध डबल बेड. मी ज्यासाठी घर शोधत होतो ती वस्तू साक्षात समोर होती. पुष्पाबाई आणि लोटूभाऊ स्वयंपाकघरात गेलेत असं पाहून मी हळूच आडवा झालो. दोघं मावतात का, एवढंच पाहायचं होतं. तर पाय घोट्यांपासून पुढे हवेत! खोली मोठी दिसावी म्हणून त्या हुशार लोकांनी पलंगच लहान केलेला. "अंकल, वो सिर्फ दिखाने का है!" असं ओरडत ती मुलगी धावत आली आणि मी दचकून कोपर टेकलं. पलंग थर्माकोलचा होता. मी त्यात कमरेपर्यंत खचलो. माझी सदतीस वर्षांची सेवा, दोन आदर्श शिक्षक प्रमाणपत्रं आणि मी, सगळे त्या खड्ड्यात. लोटूभाऊंनी आधी फोटो काढला, मग हात दिला.

तो फोटो आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर अजून आहे.

या सगळ्याला कंटाळून मी नाद सोडणारच होतो, तेवढ्यात माझ्या बहिणीचा मुलगा विकास याचा फोन आला. विकास हजीऱ्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर. त्याची दुसऱ्या राज्यात बदली झाली होती आणि सुरतेच्याच पाल भागात नवव्या मजल्यावरचा त्याचा फ्लॅट रिकामा होत होता. "मामा, आखाजीच्या सणापर्यंत राहून बघा," तो म्हणाला. "मामीला जमलं तर तुम्हीच घ्या. नाही जमलं तर मी दुसऱ्या कुणाला देतो." लिफ्ट होती, जिना चढायचा नव्हता आणि दोन्ही बेडरूम एकाच मजल्यावर. मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला.

पण फ्लॅटमध्ये शिरणं म्हणजे दार उघडून आत जाणं, असा माझा गैरसमज होता. आधी सोसायटीचं ऑफिस. तिथल्या मॅनेजरने चार पानी अर्ज दिला. त्यात वाहन, कुत्रा, रक्तगट आणि पोहता येतं का, हेसुद्धा विचारलं होतं. मी शुद्ध अक्षरात तो भरून दिला. मॅनेजरने पुष्पाबाईची दोन ओळखपत्रं शेजारी शेजारी ठेवली. एक आमच्या गावाकडचं जुनं आणि एक इथलं. इथल्या हापिसात कुठल्याही बाईच्या नावाला बेन जोडल्याशिवाय कारकुनाला चैन पडत नाही.

"काका, आमां पुष्पाबाई ने आमां पुष्पाबेन," मॅनेजर म्हणाला. "साथे कोण रहेवानुं?"

मी म्हटलं, दोघी एकच आहेत. तो म्हणाला, तसं लेखी द्या. मग नोटरीसमोर उभा राहून मी शपथेवर लिहून दिलं की माझ्यासोबत राहणार असलेली पुष्पाबेन हीच माझी लग्नाची बायको पुष्पाबाई असून तिच्याशिवाय मला दुसरी कोणी नाही. चौतीस वर्षांत मी हे तिला तोंडी कधी सांगितलं नव्हतं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "कागद जपी ठेवा." मला वाटलं थट्टा करते आहे, पण तिने खरोखरच तो घडी करून पिशवीत ठेवला.

फ्लॅटमधले पहिले दोन-तीन दिवस मी सुखात होतो, हे कबूल करतो. सकाळी डोळे उघडले की शेजारी ती. चहा दोघांनी एकदम प्यायचा. दिवसभरात पायऱ्या शून्य. मी तर बाल्कनीत उभा राहून पुन्हा शीळ घालून पाहिली, पण दहाव्या मजल्यावरून कुणीतरी खिडकी लावून घेतली.

पुष्पाबाई मात्र गप्प होत चालली. गोडादऱ्यात ती ओट्यावर बसली की गल्ली आपणहून तिच्याकडे यायची. भाजीवाली, साडीला खडे लावणाऱ्या बायका, समोरची सखुबाई, सगळ्या बातम्या तिच्या पायाशी. इथे नवव्या मजल्यावरून माणसं दिसायची, पण कोणती ते कळायचं नाही. एकदा ती अर्धा तास एका बाईला हात करत होती, ती बाई नव्हती, झाकलेली स्कूटर होती. दारं सगळ्यांची बंद. पॅसेजमधून चाललं की आपोआप दिवे लागायचे, तेवढंच काय ते स्वागत.

मग आला बुधवार. सकाळी आम्ही गोडादऱ्याला जाऊन आलो, हातात वांगी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाच्या पिशव्या, आणि लिफ्टला पाटी : देखभालीसाठी चार तास बंद. नऊ मजले, प्रत्येक मजल्याच्या वीस पायऱ्या. सतरा पायऱ्या चुकवायला आम्ही एकशे ऐंशी पायऱ्यांच्या घरात राहायला आलो होतो, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. आम्ही खालच्या सोफ्यावर टेकलो. वॉचमन आला. हा सोफा फक्त पाहुण्यांसाठी आहे, तुम्ही रहिवासी आहात, म्हणाला. मी त्याला विचारलं, मग रहिवाशांनी कुठे बसायचं? तो म्हणाला, "अपने घर में." उत्तर बरोबर होतं, त्यामुळे फार लागलं.

त्या दिवशी वर पोचल्यावर पुष्पाबाईने आपली अट सांगितली. "आखाजी आठे व्हयनी तर मी आठेच ऱ्हासू. नही तर गोडादरा."

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आम्हा खानदेशी माणसांची दिवाळी झाली नाही तर एक वेळ चालेल, पण आखाजी झाली पाहिजे. लेकी माहेरी येतात, खापरावर पुरणपोळ्या होतात, घागर भरतात आणि त्या दिवशी घरचे पितर जेवायला येतात. ते कुठून येतात याबद्दल शास्त्रात मतभेद असतील, पण येतात उंबऱ्यावर. पहाटे घरची बाई उंबरा धुते आणि गेलेल्या एकेका माणसाचं नाव घेऊन त्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढते. आणि स्कीमा पाहताना ती दाराखाली वाकून काय शोधत होती, ते मला तेव्हा कुठे समजलं.

"आठे उंबराच नही शे," ती म्हणाली. "पित्तरं कथाईन येतीन?"

मी दाराखालची ग्रॅनाइटची चकचकीत पट्टी दाखवली. ती म्हणाली, "ही पट्टी शे. ह्यानावरतीन फरशीपुसनं जास."

आखाजीला पाच दिवस होते. मला समोर दोन चित्रं दिसत होती. एकात उंबरा आणि एकच मजला. दुसऱ्यात सतरा पायऱ्या आणि वर मी एकटा. मी लोटूभाऊंना फोन केला. हा माझ्या आयुष्यातला दुसरा चुकीचा निर्णय.

"त्यामा काय!" लोटूभाऊ म्हणाले. "आपला उंबरा आपन लई येवूत. पित्तरं उंबरा वळखतस, पत्ता नही."

वाक्य असं बिनतोड होतं की मी विचार केला नाही. आम्ही गोडादऱ्याला गेलो आणि माझ्या स्वतःच्या घराचा सागवानी उंबरा पहारीने उचकटला. योगराज कामावर होता. सून चंचल "बाबा, हे काय करताय?" म्हणत राहिली. समोरच्या सखुबाईने संध्याकाळपर्यंत गल्लीत सांगितलं की मास्तरने घर विकलं, उंबऱ्यासकट. रिक्षातून तो उंबरा दोन्ही बाजूंनी बाहेर काढून आम्ही पालला आणला. गेटवरच्या रजिस्टरात वॉचमनने 'मटिरियल' आणि 'कारण' असे रकाने पुढे केले. मी लिहिलं, लाकूड. कारण, धार्मिक.

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी लोटूभाऊ आणि त्यांच्या घरच्या इंदुबाई मुक्कामाला आले. इंदुबाईंचा हात खापरावरच्या पोळीला बसलेला, म्हणून त्यांना बोलावलं होतं. उंबरा बसवायला घेतला, तर एका बाजूला भिंतीत ठोकलेलं बुटांचं कपाट आडवं आलं. वीतभर लांबी जास्त होत होती. लोटूभाऊंनी करवतीने वीतभर तुकडा कापला. मी दिवा धरून उभा राहिलो. सोसायटीत भोकं पाडायला बंदी, संध्याकाळी पाचनंतर कसलंही काम करायला बंदी. म्हणून दगड चिकटवायचा मसाला आणला होता. डब्यावर लिहिलं होतं, एकदा पकडला की फरशी फुटेल, सांधा सुटणार नाही. पॅसेजमधून कुणी पाहू नये म्हणून आम्ही आधी दार घट्ट लावून घेतलं. मग आतल्या बाजूने, दाराला अगदी टेकवून, आमचा उंबरा चिकटवला. सुरेख बसला. लोटूभाऊ म्हणाले, सकाळपर्यंत कुणी हात लावू नका.

त्या फ्लॅटचं दार आत उघडतं. ही गोष्ट मला अठरा दिवसांपासून माहीत होती.

सकाळी पुष्पाबाई स्टूल घेऊन उंबऱ्याशी बसली. तिला खाली बसता येत नाही, तर वाकून तिने उंबरा पुसला आणि कुंकवाची बोटं ओढायला सुरुवात केली. माझा आजा, माझी आजी, वडील, आई. मग माझा थोरला भाऊ, जो मला नीट आठवतही नाही. मग माझी एक आत्या, जिचं नावच मी विसरलो होतो. माझ्या घराण्याची अकरा माणसं तिने तोंडपाठ म्हटली. मी पाठांतर घेणारा मास्तर, पण मला सातच्या पुढे जाता आलं नसतं. मी पाणी प्यायचं निमित्त करून आत गेलो.

मागच्या बाल्कनीत इंदुबाईंनी तीन विटांवर खापर उपडं घातलं. खापराला जाळ लागतो, शेगडीवर ते तापत नाही. नारळाच्या शेंड्या, काटक्या, वर दोन ओले लाकडाचे ढलपे. इंदुबाई दोन्ही हातांवर पोळी झेलून कोपरापर्यंत मोठी करत होत्या, आणि धूर मजेत दहाव्या, अकराव्या, बाराव्या मजल्याकडे निघाला होता.

इतक्यात बेल वाजली. दाराशेजारच्या छोट्या पडद्यावर आमची लेक वैशाली दिसली. नंदुरबारहून पहाटेच्या गाडीने आलेली, एका हातात आंब्यांची पिशवी, दुसऱ्यात घागरीवर ठेवायचं डांगर, म्हणजे खरबूज. मागे योगराज आणि चंचल. मी आनंदाने कडी काढली आणि दार ओढलं.

दार हललं नाही.

मी पुन्हा ओढलं. लोटूभाऊंनी ओढलं. बाहेरून योगराजने ढकललं. दार उंबऱ्यावर धडकायचं आणि उंबरा मसाल्याच्या डब्याचा शब्द पाळायचा. लोटूभाऊ दाराच्या बिजागऱ्या चाचपत म्हणाले, "मास्तर, हाई दार उलटं बसाडेल शे." स्टुलावर बसलेली पुष्पाबाई म्हणाली, "आते कोनी भाईर जात नही, अन कोनी मजार येत नही. व्हयनी आखाजी."

दरम्यान सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला होता, ९०३ मां आग. पाठोपाठ कुणीतरी आमच्या बाल्कनीचा धुराचा फोटो टाकला आणि कुणीतरी हात जोडलेली चित्रं. भोंगा सुरू झाला. बाहेरच्या पॅसेजमध्ये माणसं जमली, चार बोटांच्या त्या पडद्यात सगळी मावेनात. मॅनेजर ओरडत होता, "काका, दरवाजो खोलो, आग लागी छे!" मी आतून ओरडत होतो, "आग नाही, पुरणपोळी आहे!" बाहेर ते कुणाला खरं वाटेना, कारण आग नसेल तर माणूस दार का उघडत नाही? प्रश्न रास्त होता. मी उत्तर देण्याचा प्रयत्न केला, पण बंद दारातून उंबऱ्याचं महत्त्व गुजरातीत समजावणं माझ्याच्याने झालं नाही. 'अंदर काका गभराई गया छे' असं कुणीतरी म्हणालं, ते मात्र मला स्पष्ट ऐकू आलं.

बंबांच्या दोन गाड्या आल्या. नऊ मजले चढून आलेल्या जवानांचा पुढारी पडद्यावर दिसला. त्याने टोपी वर केली, पडद्याजवळ तोंड आणलं आणि विचारलं, "आत कोण आहे?"

"धुडकू नथ्थू देसले," मी म्हणालो. "निवृत्त शिक्षक."

"देसले मास्तर? मी वैभव! चौथी ब! तुम्ही मला सगळी सहामाही वर्गाच्या बाहेर उभं केलं होतं!"

मला आठवलं. अतिशय वांड मुलगा. मी म्हणालो, "वैभव, बाळा, दार उघड." माझ्या उभ्या नोकरीत मी विद्यार्थ्याशी इतक्या नरम आवाजात बोललो नव्हतो.

"मास्तर, मागं सरका," तो म्हणाला. "आणि चूल विझवा."

इंदुबाई म्हणाल्या, खापरावर पोळी आहे, ही एवढी होऊ द्या. वैभवने दोन मिनिटं थांबायचं कबूल केलं. मग दाराच्या फटीतून पहार आली. तिसऱ्या दणक्याला डब्यावरचा मजकूर खरा ठरला. सांधा सुटला नाही, फरशी फुटली. उंबरा विकासच्या इटालियन फरशीचा एक तुकडा पोटाशी धरून बाजूला झाला, आणि दार उघडलं. सगळ्यांत आधी वैशालीच्या हातचं डांगर गडगडत आत आलं.

सहा जवान बाल्कनी बघायला आले आणि आमरस-पुरणपोळी खाऊन गेले. आखाजीच्या दिवशी दारी आलेल्याला उपाशी पाठवायचं नसतं, हे पुष्पाबाईने मॅनेजरलाही ऐकवलं. त्याने दोन पोळ्या खाल्ल्या आणि खाली जाऊन नोटीस टाइप केली. धूर, विनापरवाना बांधकाम आणि बंबाच्या गाड्या जेवण होईपर्यंत पार्किंगमध्ये उभ्या राहिल्याने झालेली गैरसोय. संध्याकाळी विकासचा फोन आला. फार गोड बोलला. "मामा, फरशीचं टेन्शन घेऊ नका. फक्त... मला एक गिऱ्हाईक मिळालंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही गोडादऱ्याला परतलो. दाराखाली उंबऱ्याच्या जागी खड्डा होता. पुष्पाबाई योगराजच्या खांद्याला धरून तो ओलांडून आत गेली आणि दिवाणावर बसली. मी तिच्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो. इतका दमलो होतो की खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं.

"मला घर बदलायचं नव्हतंच," मी म्हणालो. "मला फक्त तुझ्या मजल्यावर राहायचं होतं."

ती म्हणाली, "मंग सांगं का नही?"

"तू म्हणालीस, तुमची कंबर, तुम्ही वरच झोपा."

"तुमले वर बरं वाटस, आसं माले वाटनं," ती म्हणाली. "आठ महिना झायात. वरतीन तुमना खोकला आयकू उना का मंग माले झोप लागे. खोकला नही उना तर मी जागीच."

मी खोकलो.

"पलंग कापी टाका ना," ती म्हणाली. "लाकूडच शे ते."

सुतार आला. वरच्या खोलीत त्याने आमच्या पलंगाचे दोन भाग केले, पाय लावले आणि पावणेतीन फुटी जिन्यावरून दोन खाटा खाली आणल्या. आता हॉलमध्ये त्या दिवाणाच्या जागी शेजारी शेजारी असतात. पाहुणे आले की त्यावरच बसतात आणि मला उशी पाठीमागे लपवावी लागते. आमच्या वरच्या खोलीत योगराजने भुसा झाडायच्या आधीच कॉम्प्युटर मांडला. लोटूभाऊ येऊन बघून गेले. साठीत हॉल, हे त्यांच्या मापात कुठे बसत नव्हतं, त्यामुळे ते थोडे नाराज होते.

राहिला उंबरा. तो फरशीपासून सोडवून पुन्हा दाराखाली बसवला, तर अर्थात वीतभर आखूड भरला. कापलेला तुकडा पालच्या कचऱ्यात गेला होता. सुताराने पलंगाच्या उशाच्या फळीतून उरलेला एक तुकडा घेतला, तासला आणि त्या जागी बसवला. साग तोच, फक्त पॉलिशचा रंग थोडा गडद.

पहारीखाली कुंकू पुसलं गेलं होतं. आखाजी होऊन गेली होती, तरी पुष्पाबाईने स्टूल घेतलं आणि अकरा बोटं पुन्हा ओढली. या वेळी नावं मीही तिच्यामागून म्हटली. जुनं लाकूड संपलं तिथे तिचा हात थांबला. वीतभर नवा तुकडा तिने कोराच ठेवला.

"इथे नाही ओढायचं?" मी विचारलं.

"ती जागा आपली शे," ती म्हणाली आणि कुंकवाचा करंडा बंद केला. "आजून येळ शे."

ती आत गेल्यावर मी त्या तुकड्यावर दोन बोटं टेकवून पाहिली. आरामात मावतात. आणि मजला एकच.